घोटा म्हणजे घुटना नव्हे

ढाकेनानांच्या हातात कागद देऊ नये. हे मी गेल्या नऊ वर्षांत स्वतःचं नुकसान करून घेऊन शिकलो आहे. साधा माणूस कागद हातात घेतो तो वाचायला. नाना आधी तो कानाजवळ नेऊन फडफडवतात, मग खिडकीच्या उजेडात धरून डोळा बारीक करतात, आणि आपण ‘अहो नाना, अहो नाना’ म्हणेपर्यंत त्याचा कोपरा टर्रकन फाडतात. एकदा उभा, एकदा आडवा. पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हा गणपतीच्या डोक्यावरचा कोपरा गेला. माझ्या रजेच्या मंजुरीवरची मुख्याध्यापकांची अर्धी सही गेली.

“माल हलका आहे सर,” नाना पत्रिकेबद्दल म्हणाले. “आडवा लगेच गेला.”

लग्न कोणाचं आणि कधी, हे त्यांनी मला दोन दिवसांनी विचारलं.

चूक त्यांची नाही. चौतीस वर्षं ते पेपर मिलमध्ये कागद तपासायच्या खात्यात होते. आजोबा जळगावकडून इकडे आले, वडील मिलमध्ये लागले, मग हे लागले आणि निवृत्त झाल्यावर हिंदी मुलखातल्या बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यात घर घेऊन माझे शेजारी झाले. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची. कागद उभा सरळ फाटतो, आडवा फाडताना वेडावाकडा जातो, आणि त्याचा खरा जोर आडवं फाडल्यावरच कळतो, हे ज्ञान त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिलं. मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून “आडवं फाडून पाहिलं का?” हा प्रश्न मी फुलकोबीपासून आमदारापर्यंत सगळ्यांच्या बाबतीत ऐकला आहे. त्यांच्या मुलीला नाशिकचं स्थळ आलं तेव्हा मुलगा कसा वाटला म्हणून कोणी विचारलं, तर नाना म्हणाले, “दिसायला बरा आहे, पण आडवं फाडून पाहिलं का?” मुलाचे वडील मागेच बसले होते. लग्न झालं, ते नानांच्या बायकोने, शकुंतलावहिनींनी, पुढे केलेल्या केळ्याच्या पापडांमुळे, असं माझं मत आहे.

नानांचा दुसरा स्वभाव याच्या अगदी उलटा होता. कागद कितीही हलका असो, त्यावर जे लिहिलंय ते खरं. पाठीमागे चौतीस वर्षांचा हिशेब असा की नोंदीत आलं म्हणजे झालं. एकदा मतदार यादीत त्यांचं वय चुकून एकाहत्तर छापलं गेलं. नाना तेव्हा एकसष्टचे. दोन दिवस ते खरोखरच जपून चालत होते.

या दोन सवयींच्या मधे वहिनींचा डावा घोटा सापडला, त्याची ही गोष्ट. आता सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा सगळंच हसण्यासारखं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात वहिनी कच्च्या केळ्याच्या पापडांचं ताट घेऊन गच्चीचा जिना उतरत होत्या. तिसऱ्या पायरीवर पाय मुरगळला. सूज चार दिवसांत उतरली, दुखणं मात्र उतरेना. नाना त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. आठवड्याभरात गुडघ्याचा एक्सरे निघाला, गुडघ्याचा पट्टा आला, गुडघ्याचे व्यायाम सुरू झाले. मी शेजारी. रोज पाहत होतो. वहिनी लंगडतात हे दिसत होतं, पण पन्नाशी उलटलेल्या बाईचा गुडघा दुखणं ही काही बातमी नव्हे, म्हणून मी पेपर वाचत बसलो.

असे आठ महिने गेले.

संक्रांतीच्या आसपास मी तिळगूळ द्यायला त्यांच्याकडे गेलो. वहिनी ओट्यावर बसून पायाला पट्टा बांधत होत्या. गुडघ्याचा तो जाड निळा पट्टा त्यांनी खाली ओढत ओढत पार घोट्यापर्यंत आणला होता आणि वरून दोरीने आवळत होत्या.

“वहिनी, हा गुडघ्याचा ना?”

“हो भाऊ. पण दुखते तर इथे.” त्यांनी घोट्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. “मग मी खालीच घालते. गुडघ्यावर घालून काय करू, तो तर ठणठणीत आहे बिचारा.”

नाना आतून म्हणाले, “डॉक्टरने गुडघ्याला सांगितला ना? दुखणं वरून खाली उतरते. तिला काय कळते!”

मी चिठ्ठी मागितली. नानांनी ती फायलीतून काढून दिली. एक कोपरा अर्थातच गेलेला होता. डॉक्टरांच्या हिंदी अक्षरात लिहिलेलं होतं: बायाँ घुटना.

“नाना, तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं होतं?”

“काय म्हणजे? इनके घोटे में दर्द है म्हटलं. ते बोलले, कौन सा घुटना? मी बोललो, बायाँ.”

“घोटा म्हणजे घुटना नव्हे हो नाना! घुटना म्हणजे गुडघा! घोट्याला हिंदीत टखना म्हणतात!”

आणि मी हसलो. हे कबूल केलंच पाहिजे. मी हिंदीचा मास्तर आहे. सातवीच्या वर्गात दरवर्षी अर्धी पोरं परीक्षेत हीच चूक करतात आणि मी त्यांना हसून मार्क कापतो. बुऱ्हाणपुरात हिंदी आम्हा सगळ्यांनाच येते. बाजार तीत, कचेरी तीत, भांडण तीत. पण अंगाचे अवयव माणूस आईच्या भाषेत शिकतो. टखना हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. घोटा आणि घुटना हे सख्खे भाऊ असणार, असं वाटतंच. मी पोटभर हसलो, आणि मग नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

नाना चिठ्ठीकडे पाहत होते. फडफडवत नव्हते, उजेडातही धरत नव्हते. नुसते पाहत होते.

“माझंच चुकलं असेल,” वहिनी घाईघाईने म्हणाल्या. “मीच नीट सांगितलं नसेल. यांना काय माहीत, कुठे दुखते ते?”

तिळगूळ तसाच हातात धरून नाना आत गेले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही इंदूरला गेलो. आम्ही म्हणजे ते दोघं आणि दुभाषी म्हणून मी. नानांनी अटच घातली, “सर, बोलायचं तुम्ही. मी तोंड उघडणार नाही.” तपासणी झाली, एमआरआय झाला, आणि जे निघालं ते चांगलं नव्हतं. घोट्याच्या सांध्यात जे हाड आहे, त्याच्या माथ्यावर एक गुळगुळीत आवरण असतं. डॉक्टर त्याला कूर्चा म्हणतात, लोक गादी म्हणतात. वहिनींची ती गादी मुरगळताना आतल्या बाजूला फुटली होती. एक तुकडा सुटत आला होता. आठ महिने त्यावर चालून चालून खालच्या हाडातही पोकळी पडली होती.

“तब आ जाते तो शायद प्लास्टर से भी काम हो जाता,” डॉक्टर सहज म्हणाले. बाकी काही मनात नव्हतं त्यांच्या. नाना खिडकीबाहेर पाहत होते.

आता ऑपरेशनच लागणार होतं. डॉक्टरांनी सांगितलं की लांबवू नका. तुकडा पुरता सुटला तर सांध्यात फिरत राहील, उरलेली गादीही खरडेल, आणि मग सांधा कायमचा जाम करण्यावाचून मार्ग राहणार नाही. जाम केलेल्या घोट्याने माणूस चालतो, पण जिना आणि मांडी घालून बसणं या दोन्हींना मुकतो. वहिनींचं निम्मं आयुष्य जिन्यावर आणि निम्मं पाटावर जातं. हे ऐकून त्यांनी पदर घट्ट आवळून घेतला.

प्रश्न होता तो कोणतं ऑपरेशन, याचा. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, खड्डा मोठा आहे, खाली पोकळीही आहे, गुडघ्याच्या कडेचा, ज्यावर फारसा भार येत नाही असा हाडासकट गादीचा तुकडा काढून घोट्यात बसवू. नानांनी जळगावच्या एका डॉक्टरांचाही सल्ला घेतला. ते डॉक्टर म्हणाले, एवढं मोठं कशाला, दुर्बिणीतून खड्डा साफ करू, हाडाला बारीक भोकं पाडू, आतलं रक्त वर येऊन नवी गादी धरेल. नाही जमलं तर पुढचं पाहू. आणि तिसराही एक मार्ग होता. आपल्याच गादीच्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि काही आठवड्यांनी दुसरं ऑपरेशन करून खड्ड्यात बसवायच्या. तो मोठ्या शहरांतच होतो असं कळलं.

दोन डॉक्टर, दोन मतं, तिसरा मार्ग वेगळाच. दुसरा कोणी असता तर ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या हवाली करून मोकळा झाला असता. नाना घरी आले आणि तपासणी खातं उघडून बसले.

रोज शाळेतून आलो की माझी हजेरी लागायची. बैठकीच्या भिंतीवर त्यांनी वर्तमानपत्री कागदाचे तीन मोठे ताव चिकटवले होते, एकेका ऑपरेशनचा एकेक. हातात लाकडी पट्टी.

“हे पहा सर. पहिला प्रकार, भोकं पाडायचा. म्हणजे कसं, तावाला भोक पडलं तर आपण त्यात ओला लगदा भरतो. वाळला की भोक बुजते. दिसायला ठीक. पण तो लगदा आहे, ताव नाही. त्यात तो जोर नसतो. इंदूरवाले साहेबही तेच बोलले, जी नवी गादी येते ती अस्सलसारखी नसते.”

“बरं.”

“दुसरा. चांगल्या तावाचा तुकडा कापून ठिगळ लावायचं. माल अस्सल. पण ज्या तावातून कापला त्याला भोक पडलं ना? उद्या गुडघा दुखायला लागला तर? शिवाय आत पोचायला घोट्याचं आतलं हाड कापून बाजूला सारतात आणि नंतर स्क्रूने बसवतात. तेही सांधलं पाहिजे.”

“खरं आहे.”

“तिसरा. लगदाच नव्याने बनवायचा आणि ताव पाडायचा. उत्तम! पण दोनदा चिरफाड, आणि खाली पोकळी आहे तिचं काय? पोकळीवर ताव टाकला तर तो खचणार.”

पहिल्या दिवशी मी थक्क झालो. इतकं सोपं करून डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी मला तिन्ही ताव पाठ झाले. आठव्या दिवशी नानांनी प्रयोगाला सुरुवात केली. पेनाच्या टोपणाने एका बटाट्यातून गोल तुकडा काढून तो दुसऱ्या बटाट्यातल्या भोकात बसवला. तिसऱ्या बटाट्याला दाभणाने भोकं पाडली. सगळे बटाटे खिडकीत ओळीने मांडून ठेवले आणि सकाळी तपासले. ठिगळ आक्रसून सैल झालं होतं.

“सैल पडलं सर!” मी दात घासत असताना नानांनी हाक मारून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“बटाटा आहे तो नाना! त्याला रक्त नाही! तो जिवंत नाही!”

“मग जिवंत कशात पाहू?”

त्या दिवशी त्यांच्याकडे भोकं पडलेल्या बटाट्यांची भाजी झाली. वहिनींनी मला वाटीभर पाठवली आणि निरोप दिला, “तपासलेले आहेत, खुशाल खा.”

पण गंमत तेवढीच होती. एकेक दिवस जात होता आणि मी आतून चिडत चाललो होतो. इंदूरहून दोनदा फोन आला, तारीख घ्या म्हणून. नाना म्हणाले, जरा तपासून सांगतो. जळगावहून फोन आला. नाना म्हणाले, जरा तपासून सांगतो. ते दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायचे. पूर्वी एका कागदावर डोळे मिटून विश्वास टाकणारा हा माणूस आता कोणत्याच कागदावर विश्वास ठेवेना. मला एमआरआयच्या अहवालातला एक इंग्रजी शब्द पाच वेळा विचारला. “सर, हे टखनाच आहे ना? नक्की? दुसरा काही अर्थ तर नाही ना?” मी पाचही वेळा हो म्हणालो. सहाव्यांदा त्यांनी तो शब्द शब्दकोशात शोधताना मी पाहिलं.

मग तो रविवार आला. दुपारची वेळ, मी गच्चीवर. शेजारच्या जिन्यात ताट पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून वहिनींची हाक, “भाऊ!” ती हाक मी विसरणार नाही. त्यांच्या गच्चीत उतरून धावत गेलो तर वहिनी जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून उभ्या. डावा पाय हलेना. पुढेही जाईना, मागेही येईना. आत काहीतरी अडकलं होतं. चेहऱ्यावर घाम. जिना अरुंद, कठडा डुगडुगता, आणि हात सुटला तर थेट खालची फरशी. मी वरून दोन्ही हात लावून त्यांना धरलं. नाना खाली दारात येऊन उभे राहिले, पट्टी हातात तशीच.

“हलू नका वहिनी. नाना, खालून धरा!”

नाना हलले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. मी ओरडलो, “नाना!” तेव्हा ते एकदम भानावर आले, पट्टी टाकली, वर आले, आणि आम्ही दोघांनी मिळून वहिनींना एकेक पायरी बसत बसत खाली आणलं. तळाशी पोचल्यावर पायात कट् असा आवाज झाला आणि अडकलेलं सुटलं. वहिनी पदराने घाम पुसून म्हणाल्या, “गेलं. सुटलं आता.”

माझं डोकं फिरलं होतं. मी वयाने मोठ्या माणसाला बोलू नये ते बोललो. “नाना, अजून काय तपासायचं आहे तुम्हाला? तो तुकडा सुटत चाललाय. तुम्ही भिंतीवर ताव लावा, बटाटे कापा, आणि तोवर यांचा सांधा जाऊ द्या. आठ महिने गेले ते कमी होते का?”

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. नाना भिंतीला टेकून खाली बसले.

“माझ्याच्याने ठरत नाही सर,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. “तिन्ही नमुने तपासले. तिन्हीत काही ना काही आहे. पुन्हा चुकलं तर?”

तेव्हा वहिनी बोलल्या. इतके दिवस त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

“अहो, गुडघ्याचं करा.”

“काय?”

“गुडघ्यातून काढून घोट्यात घालायचं म्हणतात ना, ते करा. तो गुडघा आठ महिने फुकटच्या गोळ्या खाऊन राहिला. काही झालं नसताना त्याचे लाड झाले. आता त्याने थोडं द्यावं.” त्या पाय चोळत होत्या आणि हसत होत्या, डोळ्यांत पाणी असताना. “आणि त्या इंदूरच्या डॉक्टरने माझा पाय हातात घेऊन पाहिला होता. जळगाववाल्यांनी फोटोच पाहिला. मी त्याच्याकडे जाईन.”

तीन आठवड्यांची तपासणी तिथे संपली. नानांनी उठून तिन्ही ताव काढले आणि घडी घालून ठेवले. इंदूरला फोन मी लावला.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळी सातला दवाखान्यात होतो. वहिनींना हिरवे कपडे घालून चाकांच्या खाटेवर झोपवलं होतं. अंगावरचे दागिने रुमालात बांधून माझ्याकडे दिले होते. सिस्टरने संमतीपत्र आणलं. नाना ते दोन्ही हातांत घेऊन, अक्षर अक्षर लावून, ओठ हलवत वाचू लागले. मधेच थांबले. एका शब्दावर बोट ठेवलं.

“सर. इथे घुटना लिहिलंय.”

“नाना, तो गुडघ्यातून तुकडा घ्यायचा आहे म्हणून. वरची ओळ पाहा, टखना आहे.”

“दोन्ही आहेत. आत गेल्यावर कोणता धरतील?” आवाज चढत गेला. सिस्टर खाट ढकलू लागली तसे नाना पुढे जाऊन आडवे उभे राहिले. “गाड़ी रुकाओ. मैं बोलता हूँ रुकाओ!”

“अंकलजी, टाइम हो गया है, ऑपरेशन थिएटर तैयार है।”

“होने दो तैयार।”

लोक पाहू लागले. एका वॉर्डबॉयने नानांचा दंड धरला. नानांनी तो झटकला. मी त्यांना ओढत होतो, सिस्टर कोणाला तरी हाका मारत होती, आणि वहिनी खाटेवरून “अहो, अहो” करत होत्या. मला शरम वाटत होती आणि भीतीही वाटत होती, कारण आता हे लोक चिडून तारीख पुढे ढकलतील असं दिसत होतं. तेवढ्यात आतून डॉक्टरच आले, डोक्याला टोपी, मास्क गळ्यात.

ते चिडले नाहीत. कागद पाहिला, नानांकडे पाहिलं. “घुटने से सिर्फ टुकड़ा लेंगे, बाबूजी। इलाज टखने का है। रुकिए, मैं आपके सामने निशान लगाता हूँ।” त्यांनी खिशातून जाड शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि वहिनींना विचारलं, “माताजी, दर्द कहाँ है?”

नानांनी सवयीने तोंड उघडलं. “साहब, इनके घो...” आणि गप्प झाले.

मग म्हणाले, “मुझे मत पूछो साहब। इसको पूछो।”

नाना कोणाकडेच न पाहता बोलत राहिले. “पहले भी इसने बताया था। वहाँ, दवाखाने में। उँगली रख के बताया था, यहाँ नहीं, नीचे। मैंने बोला, तू चुप बैठ, डॉक्टर को काम करने दे। दो बार बोली। दोनों बार मैंने चुप किया।” त्यांनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, “भाषेची चूक नव्हती सर. माझी होती. ती तुम्हाला खोटं बोलली, माझ्यासाठी.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली होती. आठ महिने त्या लंगडल्या आणि माझ्या तोंडावर सांगितलं की मीच नीट बोलले नसेन. मी त्या दिवशी किती हसलो होतो, ते आठवून माझे कान तापले.

नाना खाटेच्या पायथ्याशी गेले. चादर बाजूला केली आणि वहिनींचा डावा पाय दोन्ही हातांत धरला. आमच्याकडे सणावाराला बायको नवऱ्याच्या पाया पडते. नवऱ्याने बायकोचा पाय धरलेला, तोही भर दवाखान्यात, चार माणसांसमोर, मी कधी पाहिलेला नव्हता. वहिनींनी पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला.

“सोडा ना! पाप लावता का मला? लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. कुठे दुखते? मला दाखव.”

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग कोपरावर रेटून अर्धवट उठल्या आणि घोट्याच्या आतल्या हाडाखाली बोट ठेवलं.

“इथे.”

“अजून?”

“आणि इथून मागे. जिना उतरताना.”

“अजून?”

“सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकते ना, तेव्हा सगळाच.”

डॉक्टर पेन उघडं धरून उभे होते. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं, पण खाटेला हात लावला नाही. वहिनी सांगत होत्या, थांबत थांबत, मग न थांबता, आणि नाना त्यांचा पाय तसाच ओंजळीत धरून, मान खाली घालून, पुन्हा पुन्हा विचारत होते, “अजून?”